जन्मासोबत आलेली राखण

पावसाळ्यात धरणे भरू लागली की यवतमाळ जिल्ह्यातल्या मच्छीमार सहकारी संस्थांची मत्स्यबीजासाठी धावपळ सुरू होते. दिग्रसजवळचे अरुणावती, पुसदचे पूस, बाभूळगाव तालुक्यातले बेंबळा, हिंगोलीच्या सीमेवर पैनगंगा अडवून झालेले ईसापूर, आणि जोडीला गावोगावचे पाझर तलाव व शेततळी. या पाण्यात मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे सोडले जातात. तिन्ही पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालणारे. साठलेल्या पाण्यात ते चांगले पोसतात, पण त्यांची वीण तिथे सहसा होत नाही. म्हणून बीज दरवर्षी बाहेरून आणायचे. काही जवळच्या मत्स्यबीज केंद्रांतून येते, काही थेट पश्चिम बंगालमधून, नैहाटीच्या बाजारातून, प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत.

पिशवीतून पाण्यात सुटलेल्या त्या बोटभर माशाला पहिल्या मिनिटापासून जंतूंची गाठ पडते. गोड्या पाण्यात सगळीकडे आढळणारा एरोमोनास हायड्रोफिला हा जीवाणू तलावाच्या गाळात, पाण्यात, निरोगी माशाच्या आतड्यातही असतो. एरवी तो कुणाला त्रास देत नाही. मासा दमला, त्याचे खवले खरवडले गेले, पाण्यातला प्राणवायू कमी झाला की तो शरीरात शिरतो. मग अंगावर लाल चट्टे उठतात, पोटात पाणी साचून ते फुगते, खवले उभे राहतात, परांच्या मुळाशी रक्त साकळते. पाणी बिघडले, असे म्हणून मच्छीमार मेलेले मासे काठावर काढतात. पण त्याच पाण्यातले बहुतेक मासे जगलेले असतात. ते कशाच्या जोरावर जगले, हे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शास्त्रज्ञांना बऱ्यापैकी उलगडले आहे, आणि माझ्या मते ते माशांच्या धंद्यातल्या प्रत्येकाला कळायला हवे.

शरीराचे रक्षण म्हटले की आपल्याला प्रतिपिंडे आणि लस आठवते. माशांतही प्रतिपिंडे तयार होतात, पण सावकाश. माणसाच्या शरीरात एखाद्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे आठवडा-दोन आठवड्यांत उभी राहतात, माशाला बहुधा त्याहून बराच जास्त काळ लागतो. मासा थंड रक्ताचा आहे. पाण्याचे तापमान उतरले की ही शिकून घेतलेली प्रतिकारशक्ती आणखी मंदावते. शिवाय अंड्यातून बाहेर पडल्यावरचे पहिले काही आठवडे पिल्लाकडे स्वतःची प्रतिपिंडे बनवणारी यंत्रणा पुरती तयारच नसते. आईकडून अंड्यातून थोडीफार शिदोरी मिळते, ती लवकर संपते. ज्या वयात आपण मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच जन्मलेली पिल्ले, विकतो, मोजतो, वाहून नेतो, त्या वयात पिल्लाचा जवळजवळ सगळा भार जन्मजात प्रतिकारशक्तीवर असतो.

या जन्मजात शक्तीत बरेच काही येते. अंगावरचा बुळबुळीत चिकट थर, त्यातले जीवाणूंची भिंत फोडणारे लायसोझाइम, रक्तातली पूरक प्रथिने, जंतू गिळणाऱ्या पेशी. माशाच्या हाडांत आपल्यासारखा रक्त बनवणारा मगज नसतो, ते काम मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग करतो आणि जंतू गिळणाऱ्या पेशी तिथेच जन्मतात. पण या सगळ्या फौजेच्या आधी एक प्रश्न उरतो. समोर आलेला कण जंतूचा आहे की शरीराचाच, हे पेशीला कळते कसे?

उत्तराचा धागा माशात सापडला नाही, तो सापडला माशीत. जर्मनीत क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस फळमाशीच्या गर्भाची जडणघडण अभ्यासत होते, तेव्हा गर्भाची पाठ-पोट ठरवणारे एक जनुक हाती लागले. त्याला टोल हे नाव मिळाले. 1996 साली ज्यूल हॉफमन आणि ब्रूनो लमेत्र यांच्या फ्रान्समधल्या प्रयोगशाळेत असे दिसले, की ज्या माश्यांत हे जनुक बिघडले आहे त्या बुरशीच्या संसर्गाने मरतात. गर्भाला आकार देणारे जनुक मोठ्या माशीला बुरशीपासून वाचवते, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत रुस्लान मेजितोव्ह आणि चार्ल्स जेनवे यांनी माणसातले तसेच जनुक दाखवले. 1998 साली ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरातले एक टोलसदृश जनुक जीवाणूंच्या बाह्य आवरणातला विषारी पदार्थ ओळखते हे सिद्ध केले. 2011 चे वैद्यकाचे नोबेल हॉफमन आणि बॉयटलर यांना राल्फ स्टाइनमन यांच्यासह मिळाले. जेनवे 2003 सालीच वारले होते. जंतूंचे ठरावीक साचे ओळखणारी प्रथिने जन्मतःच पेशीत असली पाहिजेत, हे त्यांनी 1989 साली, हाताशी पुरावा नसताना मांडले होते. मला या सगळ्या कथेत त्यांचा तो तर्क सर्वांत मोठा वाटतो.

या प्रथिनांना टोलसदृश ग्राही म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून टीएलआर. ग्राहीचा पेशीबाहेरचा भाग घोड्याच्या नालेसारखा वाकलेला असतो आणि जंतूचा तुकडा तिथे अडकतो. मधला छोटा भाग पेशीच्या पटलात रुतलेला, आणि आतला भाग निरोप पुढे देणारा. तुकडा अडकला की आतल्या बाजूला मायडी88 नावाचे प्रथिन येऊन चिकटते, तिथून एकामागून एक प्रथिने जागी होत निरोप केंद्रकापर्यंत पोचतो, आणि दाह पेटवणाऱ्या व मदतीला पेशी बोलावणाऱ्या रेणूंची जनुके सुरू होतात. इंटरल्यूकिन-8 हा त्यातलाच एक. तो जिथे सुटतो तिकडे जंतू गिळणाऱ्या पेशी धाव घेतात.

प्रत्येक ग्राहीची नजर वेगळ्या गोष्टीवर असते. टीएलआर2 जीवाणूंच्या आणि यीस्टच्या भिंतीचे तुकडे ओळखतो. टीएलआर5 ओळखतो ते जीवाणूच्या शेपटीतले प्रथिन, ज्या शेपटीच्या बळावर एरोमोनास पोहतो. टीएलआर3 विषाणूचा दुपदरी आरएनए पकडतो. जीवाणू आपली भिंत किंवा शेपटी सहजासहजी बदलू शकत नाही, बदलली तर तोच लंगडा होतो. म्हणून उत्क्रांतीने नेमक्या याच खुणा निवडल्या आणि त्या ओळखण्याची शक्ती पिढ्यान्‌पिढ्या जनुकांतून पुढे गेली. शिकण्याची गरज नाही, आठवणीची गरज नाही.

मासे या बाबतीत आपल्याहून श्रीमंत आहेत. माणसात कामाचे टीएलआर 10 आहेत, वेगवेगळ्या माशांत मिळून सुमारे 20 प्रकार सापडले आहेत. टीएलआर22 तर सस्तन प्राण्यांत नाहीच. जपानमध्ये फुगू माशावर झालेल्या कामातून 2008 साली असे कळले, की टीएलआर3 पेशीच्या आत लहान दुपदरी आरएनए ओळखतो आणि टीएलआर22 पेशीच्या पृष्ठभागावर लांब दुपदरी आरएनए ओळखतो. पाण्यात सतत विषाणूंनी वेढलेल्या जीवाला अशी दुहेरी व्यवस्था लाभावी यात नवल नाही. माशांच्या टीएलआर5 चे पेशीला चिकटलेले एक रूप आहे आणि रक्तात मोकळे फिरणारे दुसरेही. उलट टीएलआर4, ज्याने उंदरात जीवाणूंचे आंतरविष ओळखले, तो बऱ्याच माशांत नाहीच. झेब्राफिशमध्ये आहे, पण तिथे तो आपल्यासारखे काम करत नाही. जीवाणूंचे जे आंतरविष थोडेसे टोचले तरी माणूस धक्क्याने दगावू शकतो, ते मासे मोठ्या प्रमाणातही पचवतात, याचा एक मोठा दुवा इथे आहे.

अटलांटिक महासागरातल्या कॉडची कथा तर थक्क करणारी. 2011 साली नॉर्वेतल्या संशोधकांनी त्याची पूर्ण जनुकसंहिता वाचली, तेव्हा प्रतिपिंडांच्या यंत्रणेला हुकूम देणारी जनुकांची एक मुख्य शाखाच त्यातून नाहीशी झालेली आढळली. पाठ्यपुस्तकाप्रमाणे असा मासा पहिल्या साथीत संपायला हवा होता. तो थंड समुद्रात मजेत जगतो आहे. त्याच संहितेत टीएलआरच्या काही गटांच्या प्रती मात्र मोठ्या संख्येने वाढलेल्या दिसल्या.

आता आपल्या ताटातल्या माशांकडे येऊ. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची केंद्रीय संस्था आहे, तिला सगळे सिफा म्हणतात. 2011-12 च्या सुमारास तिथे मृणाल सामंता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोहू, कटला आणि मृगळ यांच्यातली ही जनुके एकेक करून शोधली. टीएलआर2, टीएलआर3, टीएलआर5, आणि पेशीच्या आत शिरलेल्या जीवाणूंचे तुकडे ओळखणारी नॉड1 व नॉड2.

प्रयोगाची रीत समजायला अवघड नाही, कारण कोविडच्या काळात आरटी-पीसीआर हा शब्द घराघरात पोचला आहे. एका टाकीतल्या माशांना एरोमोनास किंवा एडवर्डसिएला टार्डा हा जीवाणू टोचायचा, दुसऱ्या टाकीतल्यांना नुसते क्षारपाणी. मग ठरावीक तासांनी मासे काढून त्यांचे कल्ले, यकृत, मूत्रपिंड, आतडे यांचे बारीक तुकडे घ्यायचे. जनुक कामाला लागले की त्याचे संदेशक आरएनए वाढते. ते वेगळे करून, त्याचे डीएनएत रूपांतर करून, यंत्रात त्याच्या प्रती वाढवायच्या. ज्या नमुन्यात संदेश जास्त, तो कमी फेऱ्यांत दिसू लागतो. तुलनेला बीटा-अ‍ॅक्टिनसारखे जनुक धरतात, कारण पेशीचा सांगाडा बांधण्याचे त्याचे काम मासा आजारी असो वा धडधाकट, साधारण सारखेच चालते. हे सगळे वाचताना कोरडे वाटेल. पण हाताच्या बोटाएवढ्या मृगळाच्या कल्ल्यात, जीवाणू शिरल्यावर काही तासांत, नेमके कोणते जनुक किती पटीने जागे झाले हे पडद्यावरच्या रेघेत दिसते, तेव्हा त्या मुक्या जिवाविषयीची आपली समजूतच बदलते.

या प्रयोगांत जीवाणूंच्या भिंतीचा अर्क, यीस्टचा अर्क किंवा जिवंत जीवाणू दिल्यावर टीएलआर2 वाढला, त्याच्या मागोमाग मायडी88 वाढले, आणि पुढे इंटरल्यूकिन-8 सारखे रेणूही. म्हणजे माशी आणि उंदरात सापडलेली निरोपाची साखळी आपल्या नद्यांतल्या माशांतही सलग आहे. कोणत्या अवयवात कोणता ग्राही किती चढतो हे मात्र सारखे नसते. जंतू, अवयव आणि वेळ यांप्रमाणे ते बदलते.

मच्छीमारांच्या रोजच्या अनुभवाला सर्वांत जवळचा अभ्यास माशांच्या उवांचा आहे. अरगुलस हा चपटा, पारदर्शक परजीवी माशाच्या अंगाला चिकटून रक्त शोषतो. तळहातावर रोहू आडवा धरून खवल्यांवरून बोट फिरवले की जागा बदलणारा डाळीएवढा ठिपका दिसतो, तोच हा. एकाच तलावात रोहूला उवा फार लागतात, कटल्याला कमी. सिफातल्याच दुसऱ्या एका गटाने 2014 साली या दोघांतल्या टीएलआर22 ची तुलना प्रसिद्ध केली. जनुक दोघांत आहे, बरेच मिळतेजुळते आहे, पण उवा लागल्यावर ते जागे होण्याची रीत दोघांत एकसारखी नव्हती. एका जनुकावरून सगळा फरक ठरतो असा दावा कुणी केला नाही आणि करूही नये. तरी जे तलावाच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते, त्याचे मूळ पेशीत शोधता येते, एवढे त्यातून दिसले.

दुसरे उदाहरण अंगावर खोल जखमा पडणाऱ्या रोगाचे. 1988 साली तो ईशान्य भारतात शिरला आणि पुढच्या काही वर्षांत देशभर पसरला. अ‍ॅफॅनोमायसिस इन्व्हेडन्स हा बुरशीसारखा जीव त्याला कारणीभूत. थंडी उतरू लागली की, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, त्याचा जोर असतो. आपल्या मरळीवर तो तुटून पडतो, रोहू-कटल्यालाही लागतो. आपल्याकडचे लोक ज्याला सायप्रिनस म्हणतात तो कॉमन कार्प मात्र टिकतो, कारण त्याच्या पेशी या जीवाच्या धाग्यांना लवकर वेढा घालून जागीच कोंडतात.

थंडीचा संबंध इथे पुन्हा येतो. डिसेंबर-जानेवारीत यवतमाळच्या रात्री चांगल्याच गारठतात आणि उथळ तलावाचे पाणी त्यांच्यासोबत उतरते. आजारी माशाला आपल्यासारखा ताप येत नाही, तो ऊब शोधत पोहतो. 2013 साली युरोपातल्या संशोधकांनी झेब्राफिशला एका टोकाला गार व दुसऱ्या टोकाला उबदार पाण्याच्या टाकीत ठेवून विषाणूसारखा दुपदरी आरएनए दिला. मासे उबदार भागाकडे सरकले आणि त्यांच्यातली विषाणूविरोधी जनुके अधिक जोमाने उठली. 2017 साली कार्पवर झालेल्या कामाने तर असे दाखवले, की कार्पचा एक नागीण-गटातला विषाणू माशाचे हे उबेकडे जाणे लांबवणारे प्रथिन स्वतःच बनवतो. मासा कुठे पोहतो यावर जंतू आणि माशाच्या जनुकांची झुंज ठरते, हे कळल्यावर तलावाची खोली आणि काठचा उथळ भाग दोन्ही राखण्याला वेगळाच अर्थ येतो. एकसारख्या खोलीच्या, प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात आजारी माशाला जायला जागा नसते.

ही जन्मजात राखण फुकट चालत नाही. तिला प्राणवायू लागतो, अन्न लागते. पिशवीत दाटीवाटीने आणलेले, तासन्‌तास हादरे खाल्लेले बीज ताणाखाली असते. त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल चढते, आणि हे संप्रेरक दाहाची जनुके दाबून ठेवते. म्हणून पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवायची, मग हळूहळू तलावाचे पाणी आत घ्यायचे, ही जुनी रीत पाळलीच पाहिजे. घाईघाईने पिशवी पालथी केली, तर संरक्षणाची जनुके दबलेल्या अवस्थेतच ते पिल्लू जंतूंच्या हवाली होते.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती बोलायलाच हवी. कपाशीवरच्या फवारणीचा हंगाम आणि बीज सोडण्याचा हंगाम एकच, ऑगस्ट-सप्टेंबर. 2017 साली याच फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यातले वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते दुःख अजून ताजे आहे. तीच रसायने पावसासोबत ओढ्या-नाल्यांना लागतात. कार्प माशांवरच्या प्रयोगांत असे वारंवार दिसले आहे, की मासा मरणार नाही इतक्या थोड्या मात्रेतही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके जंतू गिळणाऱ्या पेशींना सुस्त करतात आणि लायसोझाइम घटवतात. मासा दिसायला ठीक असतो. पुढे महिना-दीड महिन्याने एरोमोनास येतो आणि दोष सगळा जंतूला जातो.

यीस्टच्या भिंतीतले बीटा-ग्लुकन खाद्यात मिसळून जन्मजात शक्ती आधीच जागी करण्याचे उपाय बाजारात आहेत, रोहूवर त्यांचे चांगले प्रयोगही झाले आहेत. थोड्या काळापुरते, बीज सोडण्याच्या आगेमागे दिले तर फायदा होतो. महिनोन्‌महिने देत राहिले तर पेशी दाद देईनाशा होतात. हजारो एकरांच्या धरणात असे खाद्य देणे शक्य नाही, आणि तिथल्या लाखो बोटुकल्यांना लस टोचणेही शक्य नाही.

म्हणून माझे बोट पुन्हा बीजाकडे वळते. जे ग्राही शिकून येत नाहीत, आईबापांकडूनच येतात, त्यांचा दर्जा धरणाच्या काठावर ठरत नाही. तो हॅचरीत, प्रजननासाठी कोणते मासे निवडले तिथे ठरतो. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून आपल्या कार्प माशांची बंदिस्त पाण्यात वीण घडवली. त्यानंतर बीजासाठी पूर आलेल्या नदीवर अवलंबून राहणे हळूहळू संपत गेले. पण नदीत हजारो नर-मादी एकत्र येतात, हॅचरीत मोजके. तेच तेच मोजके मासे आणि त्यांचीच पिल्ले वर्षानुवर्षे वापरली की रक्त जवळचे होत जाते आणि ग्राहींच्या जनुकांचे वेगवेगळे नमुने एकेक करून गळतात. मोठे मासे बाजारात जास्त भावाने विकून मागे उरलेले बारके प्रजननाला ठेवले, तर नुकसान दुप्पट.

याउलट काय करता येते ते सिफाने दाखवले आहे. 1992 साली नॉर्वेच्या मदतीने तिथे रोहूची निवड पद्धतीने पैदास सुरू झाली. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा पाच नद्यांतले रोहू आणून त्यांचे रक्त मिसळले आणि दर पिढीत उत्तम वाढीची कुटुंबे निवडली. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात हा मासा जयंती रोहू म्हणून बाहेर आला, आणि दर पिढीला वाढ सुमारे 17 टक्क्यांनी सुधारत गेली. पुढे याच कुटुंबांना एरोमोनासचा संसर्ग देऊन कोण जास्त टिकते ते पाहिले. टिकणाऱ्या आणि मरणाऱ्या रोहूंच्या जनुकांतले फरक नोंदवले गेले आणि त्यांतून रोगप्रतिकाराशी जोडलेल्या जागांचा नकाशा काढायचे काम झाले. असा नकाशा हाताशी असला की प्रजननाच्या माशाचा जीव न घेता, त्याच्या पराचा नखभर तुकडा तपासून निवड करता येते.

आपल्या संस्था बीज घेताना भाव विचारतात, मोजणी तपासतात, वाटेत किती मेले ते पाहतात. यापुढे आणखी दोन गोष्टी विचारायला हरकत नाही: प्रजननाचे मासे मूळचे कुठले, आणि त्यांत बाहेरचे नवे मासे शेवटचे कधी मिसळले. नागपूरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. पराच्या तुकड्यावरून प्रजननाच्या माशांचे नाते किती जवळचे आहे हे तपासण्याचे तंत्र अशा संस्थांना नवे नाही. हॅचरीचालकाने ती तपासणी करून घेतली आहे का, हा तिसरा प्रश्न. जून उजाडण्याआधी, बीजाची मागणी नोंदवतानाच तो विचारायला हवा.